नाताळची चाल चार फ्लूटवर बसवताना

मी फोंड्याची. चवथीला घरात घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरत्या आणि डिसेंबरात पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांवर नाताळगीतं, दोन्ही कानावर पडत वाढले. चार फ्लूटसाठी पहिली मांडणी केली ती ‘सायलेंट नाइट’ची. चर्चच्या गीतसंग्रहात ती बी फ्लॅट या पट्टीत होती, तशीच उतरवून काढली. तालमीत शेवटची ओळ आली आणि पहिला फ्लूट थांबला. त्या ओळीचा शेवटचा सूर मधल्या सीच्या, म्हणजे पियानोच्या मधोमध येणाऱ्या सीच्या, खालचा बी फ्लॅट. साध्या फ्लूटचा तळ मधला सी. तो सूर वाद्यातच नव्हता!

तेव्हापासून कागदावर काही लिहिण्याआधी मी चालीचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधते. ही चाल जीच्या पट्टीत नेली की तिचा सर्वांत खालचा सूर मधल्या सीच्या वरचा जी होतो, आणि तिथून सप्तकभर आणि वर आणखी तीन सूर एवढ्यात ती बसते. तिथे फ्लूट मोकळा बोलतो.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि नव्यांना ती उशिरा कळते. चारही आवाजांचा रंग एकच. वाद्यवृंदात ओबोसारखं वेगळ्या आवाजाचं फुंकवाद्य चाल घेतं तेव्हा ती आपोआप वेगळी ऐकू येते. इथे तसं होत नाही. तिसऱ्या फ्लूटसाठी लिहिलेला माझा पार्ट दोन ठिकाणी चालीच्या वर चढला होता. ऐकणाऱ्यांना तो पार्टच चाल वाटला. फ्लूटचं खालचं सप्तक मऊ आणि वरचं तेजस्वी, त्यामुळे वरचा सूर कान ओढून घेतो. चाल वर ठेवा. खाली द्यायचीच असेल तर बाकीच्यांना गप्प बसवा किंवा त्यांनाही खालच्याच सप्तकात लांब सूर द्या. विश्रांतीची चिन्हं लिहायला मला सुरुवातीला धीर होत नसे. वादकाला काम दिलं नाही असं वाटायचं. आता तीच सगळ्यांत जास्त विचार करून लिहिते.

आल्टो फ्लूट, म्हणजे खालच्या आवाजाचा मोठा फ्लूट, मिळाला तर चांगलंच. त्यात लिहिलेल्या सुरापासून (तो धरून) खाली मोजलेला चौथा सूर वाजतो, म्हणजे जी हवा असेल तर त्याच्या कागदावर सी लिहायचा. पण त्याला श्वास जास्त लागतो. लांब सुरांवर दोन वादकांच्या श्वासाच्या जागा वेगवेगळ्या ठेवा आणि त्या कागदावरच खुणेने दाखवा.

उघड्यावर वाजवणार असाल तर मांडवी नदीवरचा वारा विसरू नका. तो ओठांसमोरची फुंकरच उडवतो. तिथे खालचे सूर फारसे लिहू नका. कागदांना कपड्यांचे चिमटे लावा.

हक्कांचंही पाहा. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ‘सायलेंट नाइट’चे संगीतकार ग्रूबर १८६३ साली गेले, चाल मोकळी आहे. पण कोणाची नवी मांडणी उचलू नका, मूळ चालीवरून स्वतः लिहा.

ग्रूबर आणि गीतकार मोर यांनी १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडोर्फमध्ये हे गीत पहिल्यांदा सादर केलं तेव्हा मुख्य गायन दोनच आवाजांचं होतं आणि साथीला गिटार. म्हणून पहिलं कडवं मी दोनच फ्लूटना देते. उरलेले दोघे दुसऱ्या कडव्यात येतात. थांबलेल्यांनी तोवर वाद्यात आवाज न करता ऊन श्वास सोडत राहायचं, कारण गार पडलेला फ्लूट उतरतो आणि दुसऱ्या कडव्याचा पहिलाच सूर बेसूर लागतो.