दस्तऐवज एक्सपोर्ट करताना फॉरमॅट कसा निवडावा

वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून झालेला मजकूर पाठवायची वेळ आली, की फॉरमॅटची लांबलचक यादी समोर येते आणि बहुतेक जण सवयीने पीडीएफ निवडून मोकळे होतात. पुष्कळदा ते बरोबरच असते. तरीही यादी उघडण्याआधी एवढे ठरवून घ्यावे, की ज्याच्या हाती फाइल जाणार आहे तो ती नुसती वाचणार आहे, तिच्यात दुरुस्त्या करणार आहे, की तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे मांडणार आहे.

दुरुस्त्या करायच्या असतील, तर समोरचा जे सॉफ्टवेअर वापरतो त्याचाच फॉरमॅट द्यावा: वर्ड असेल तर डॉक्स, लिबरऑफिस असेल तर ओडीटी. दोन्ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. ओडीटीला आयएसओची मान्यता २००६ साली मिळाली, डॉक्सला २००८ साली. मात्र एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना तक्ते आणि तळटीपा हलू शकतात. म्हणून रूपांतरित प्रत पाठवण्याआधी एकदा उघडून पाहावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

मजकूर दुसरीकडे मांडला जाणार असेल, तर साधी टेक्स्ट फाइल पुरते. सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ निवडावे. चित्रे आणि अक्षरांचा ठळकपणा गळून जातो, पण तिथे ती नकोच असतात. मथळे आणि लिंक टिकवायच्या असतील तर एचटीएमएल घ्यावे, आणि मोठा मजकूर मोबाइलवर वाचला जाणार असेल तर ईपब हा ई-पुस्तकांचा फॉरमॅट, कारण त्यात ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे जुळतात. जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर टेक्स्टमध्ये नेला, तर हाती निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी येते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

आता पीडीएफ. १९९३ साली अडोबीने आणलेला हा फॉरमॅट पान जसे दिसते तसेच गोठवतो, त्यामुळे अंतिम प्रतीसाठी तो योग्य ठरतो. पण पीडीएफ बनवण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्यांचे फळ सारखे नसते. प्रिंट आज्ञेतून पीडीएफ काढली, तर बहुधा पान कागदावर जावे तसे उतरते: लिंकवर क्लिक केल्यास काही होत नाही आणि बाजूच्या पट्टीत अनुक्रमणिका दिसत नाही. त्याऐवजी वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडून ‘ऑप्शन्स’ उघडावे आणि मथळ्यांवरून बुकमार्क, म्हणजे बाजूच्या पट्टीतली अनुक्रमणिका, तयार करण्याच्या पर्यायावर खूण करावी. लिबरऑफिसमध्ये ‘एक्सपोर्ट ॲज पीडीएफ’ निवडल्यावर तशीच खिडकी उघडते. मथळ्यांना हेडिंगच्या स्टाइल दिलेल्या असतील तरच याचा उपयोग होतो. नुसती अक्षरे मोठी करून बनवलेला मथळा सॉफ्टवेअरला मथळा म्हणून ओळखता येत नाही.

लिबरऑफिसच्या त्या खिडकीत चित्रांचे रिझोल्यूशनही ठरवता येते: छपाईसाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), पडद्यावर वाचायला १५० पुरते. दस्तऐवज वर्षानुवर्षे जपायचा असेल तर पीडीएफ/ए निवडावे. त्यात सगळे फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करावे लागतात. मात्र पासवर्ड घालता येत नाही.

देवनागरीसाठी एक चाचणी मी कधीही चुकवत नाही. तयार पीडीएफमधून ‘स्थिती’सारखा शब्द कॉपी करून साध्या एडिटरमध्ये पेस्ट करावा. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराआधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. पीडीएफ मात्र मुख्यतः आकार आणि त्यांच्या जागा नोंदवते. त्यामुळे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली किंवा जोडाक्षर फुटलेले आढळू शकते. असे झाले, तर वाचणाऱ्याला काहीच खटकणार नाही, पण त्या फाइलमध्ये शब्द शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. अशा वेळी सोबत मूळ फाइलही द्यावी, किंवा लिबरऑफिसमधला हायब्रिड पीडीएफचा पर्याय वापरावा, ज्यात संपादन करता येणारी ओडीटी प्रत पीडीएफच्या पोटातच जाते.

शेवटी एक्सपोर्टपूर्वी ट्रॅक केलेले (म्हणजे सॉफ्टवेअरने नोंदवून ठेवलेले) बदल स्वीकारावेत किंवा नाकारावेत आणि शेरे काढून टाकावेत. डॉक्समध्ये ते जसेच्या तसे जातात, आणि पडद्यावर दिसत असतील तर वर्ड ते पीडीएफच्या समासातही उतरवू शकते.