आउटबोर्डचा गियर पडत नाही? आधी केबल सोडवून बघा

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. त्याचा गियर अडकला की बरेच जण लगेच खालचा गियरबॉक्स उघडायला बसतात. घाई करू नका, बिघाड केबलकडे (लिव्हरपासून इंजिनपर्यंत जाणारी, गियर बदलणारी तार) आहे का खाली गियरबॉक्समध्ये, एवढं आधी ठरवायचं.

इंजिन बंद करा, किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, स्पार्क प्लगच्या वायरीपण काढून ठेवा, कारण पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवायचाय आणि बोटं आपलीच आहेत. आता इंजिनजवळ केबलचं टोक जिथे शिफ्टच्या दांड्याला जोडलेलं असतं तिथून सोडवा आणि दांडा हाताने पुढेमागे करा, त्याच वेळी कोणाला तरी पंखा हळूहळू फिरवायला सांगा. हे फिरवणं विसरू नका हां, नाहीतर चांगला गियरपण अडकल्यासारखा वाटतो, कारण आतल्या डॉग क्लचचे (सरकून गियरला जोडणारा दातेरी तुकडा) आणि गियरचे दात समोरासमोर आले की ते एकमेकांत बसतच नाहीत.

दांडा हाताने आरामात फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स फिरला तर खालचं ठीक आहे, दोष केबलचा नाहीतर कंट्रोल बॉक्सचा (लिव्हर बसवलेला डबा). केबलमध्ये पाणी शिरून गंज धरला असेल तर वरून ग्रीस चोपडून काही होत नाही, सरळ नवी टाका. केबल मोकळी आहे पण गियर अर्धवटच पडतोय, तर तिची लांबी जुळवायची: लिव्हर आणि इंजिन दोन्ही न्यूट्रलला ठेवून केबलचं टोक ओढाताण न करता पिनवर बसलं पाहिजे.

हातानेपण जड जात असेल तर वरचे सांधे साफ करून ग्रीस द्या, परत बघा. आणि नुकताच इंपेलर (इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी चाक) बदलला असेल तर आधी तोच संशय धरा, त्यासाठी खालचं युनिट उतरवावं लागतं आणि ते परत बसवताना वरचा भाग एका गियरमध्ये आणि खालचा दुसऱ्यात राहिला, किंवा शिफ्ट रॉड (गियर बदलणारी उभी सळई) नीट जोडलाच गेला नाही, असं होतं.

गियर पडतो पण थ्रॉटल दिला की खाडकन सुटतो? बहुतेक डॉग क्लचच्या कडा झिजून गोल झाल्यात, हे काम घरचं नाही, मेकॅनिककडेच द्या. झिजतात कशाने, तर लिव्हर घाबरत घाबरत हळू सरकवल्याने. आयडलवर (इंजिनच्या सगळ्यात कमी गतीवर) येऊन एका दमात टाकायचा, आणि तरीही मोठा धडाका येत असेल तर आयडल स्पीड जास्त आहे का तपासा.

इंजिन ओरडतंय पण बोट पुढे जात नाही, आवाजपण काही नाही, तर कदाचित पंख्याच्या आतलं रबर घसरतंय. पंख्यावर आणि आतल्या हबवर सलग एक रेघ मारा, थ्रॉटल देऊन बोटीची एक फेरी मारा, रेघ तुटली तर गियरला उगाच दोष देत होता.

जाताजाता खालचा ड्रेन स्क्रू काढून थोडं गियर ऑइल बघून घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलंय, धातूचे तुकडे दिसले तर ते इंजिन परत चालू करू नका.