पत्त्यांवरून संभाव्यता कशी काढायची, एकदा कॅट पसरून बघा

दहावीच्या मुलांना संभाव्यतेचं सूत्र पाठ असतं पण पत्त्यांचं गणित आलं की गडबडतात, कारण बऱ्याच जणांनी कॅट कधी नीट मोजलेलाच नसतो. म्हणून आधी वही बाजूला ठेवा, जोकर काढून टाका आणि सगळे पत्ते सतरंजीवर पसरा. ५२ पत्ते. इस्पिक आणि किलवर काळे, बदाम आणि चौकट लाल, प्रत्येकाचे १३. राजा, राणी, गुलाम मिळून चित्रं १२, एक्का चित्रात धरायचा नाही, इथे हमखास मार्क जातात.

आता हवे ते पत्ते वर, एकूण पत्ते खाली, बस. एक पत्ता ओढला आणि तो एक्का असायची संभाव्यता ४/५२ म्हणजे १/१३. बदाम असायची १३/५२ म्हणजे १/४.

"किंवा" आलं की जरा थांबा. लाल पत्ता किंवा राजा विचारलं तर मुलं २६ अधिक ४ करून ३० लिहून मोकळी होतात, पण बदामचा राजा आणि चौकटचा राजा लाल मध्ये आधीच मोजलेत ना, ते दोन वजा करा, उत्तर २८/५२ म्हणजे ७/१३. पसरलेल्या पत्त्यांवर बोट ठेवून मोजलं की हे परत चुकत नाही.

दोन पत्ते काढायचे असतील तर पहिला परत ठेवला का ते आधी वाचा. दोन्ही एक्के हवेत आणि पहिला परत ठेवून पिसला तर १/१३ गुणिले १/१३, म्हणजे १/१६९. परत नाही ठेवला तर ५१ पत्त्यांत ३ एक्के उरले, म्हणून ४/५२ गुणिले ३/५१ = १/२२१. छेद बदलला की उत्तर बदलतं, माझ्या मते अख्ख्या धड्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

आणि ती पटवायला पाच-तीन-दोन सारखा खेळ नाही! त्यात आपण दुरी ते छक्की सगळ्या काढतो, शिवाय किलवर-चौकटच्या सत्त्या, उरतात ३० पत्ते. हुकूम सांगणाऱ्याला आधी पाच पत्ते मिळतात, त्यात निदान एक एक्का असायची शक्यता किती? "निदान एक" असलं की उलटं मोजायचं, एकही एक्का नाही असं किती वेळा होईल ते काढायचं आणि १ मधून वजा करायचं. एक्के सोडून पत्ते २६, म्हणून २६/३० × २५/२९ × २४/२८ × २३/२७ × २२/२६, हे येतं साधारण ०.४६. म्हणजे एक्का असायची शक्यता ५४ टक्के. हेच पूर्ण ५२ च्या कॅटमधून पाच पत्ते घेऊन केलं तर ४८/५२ पासून सुरू करून पाच अपूर्णांक गुणा आणि १ मधून वजा करा, उत्तर जेमतेम ३४ टक्के, एक्के चारच, पत्ते पाचच, फक्त कॅट मोठा झाला.

खरं वाटत नसेल तर ते ३० पत्ते नीट पिसून वीस वेळा पाच-पाच वाटा आणि मुलांना वहीत रेघा मारायला सांगा, दहा-अकरा वेळा एक्का दिसावा, आठ किंवा तेरा वेळा आला तरी गणित चुकलं असं समजू नका, अजून वाटत रहा, जितक्या रेघा वाढतील तितका आकडा ५४ टक्क्यांकडे सरकताना दिसेल.