घरची धुण्याची पावडर करताय? आधी पाणी बघा आणि या चुका टाळा

घरी केलेल्या पावडरीनं पांढरे कपडे करडे पडले, टॉवेल खडखडीत झाले, की सगळा दोष पावडरीवर जातो. इंदुरात बहुतेक वेळा खरी गडबड पाण्यात असते. नर्मदेचं पाणी जलूदहून, जवळपास 70 किलोमीटरवरून, पंपानं चढवून आणतात. अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. साहजिकच ते प्यायला आणि स्वयंपाकाला राखलं जातं आणि धुणं बोरिंगच्या पाण्यावर होतं. माळव्याच्या काळ्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. एकाच घरात दोन तऱ्हेचं पाणी असल्यामुळे, शेजारणीकडे छान चाललेली कृती आपल्याकडे का फसली याचं उत्तर बऱ्याचदा टाकीतच सापडतं.

तपासणी सोपी आहे. अर्धी भरलेली पारदर्शक बाटली घ्या, चिमूटभर किसलेला साबण टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला आणि खालचं पाणी नितळ राहिलं तर पाणी मऊ. पाणी गढूळ झालं, वर नासलेल्या दुधासारख्या कण्या तरंगल्या आणि फेस लगेच बसला तर पाणी जड, म्हणजे क्षारांचं.

साबण किसून केलेली पावडर

सगळ्यात जास्त फिरणारी कृती हीच: साबणाची वडी किसा, सोडा मिसळा, झालं. मऊ पाण्यात ती ठीक चालते. जड पाण्यात मात्र साबणाचा पहिला भाग मळाकडे जातच नाही. तो क्षारांशी जुळून न विरघळणारा चिकट थर बनतो आणि सुताच्या धाग्यांत बसतो. टॉवेल पाणी टिपेनासे होतात, काळ्या शर्टाच्या काखेत राखाडी भुकटी दिसते. कपडे निघत नाहीत म्हणून आणखी साबण घातला की थर आणखी वाढतो. बोरिंगवर धुणाऱ्यांनी ही कृती सोडूनच द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

थर आधीच बसला असेल तर एक बादली कोमट पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवून पक्क्या रंगाचे सुती कपडे अर्धा तास भिजवा. मग खळबळून चांगल्या डिटर्जंटनं धुवा. या पाण्यात ब्लीच कधीही टाकू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

सोडा चुकीचा घेणं

खाण्याचा सोडा इथे कामाचा नाही, त्याचा क्षारपणा फार सौम्य. हवा तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश. त्यातही खडीसाखरेसारखे खडे मिळतात, त्यांत सुमारे 63 टक्के पाणीच असतं. 100 ग्रॅम कोरड्या सोड्याचं काम करायला असे 270 ग्रॅम खडे लागतात. खडे स्वस्त वाटतात, हिशेब केला की महाग पडतात. सियागंजासारख्या घाऊक बाजारात सोडा घेताना ‘लाइट’ मागा. तो हलका आणि पिठासारखा असतो, स्लरी (पावडरीतला मळ काढणारा दाट आम्लाचा घटक, त्याची कृती खाली आहे) शोषून घेतो. ‘डेन्स’ सोड्याच्या जाड दाण्यांवर स्लरी नुसती चिकटून राहते.

स्लरी आणि सोड्याचा मेळ न बसणं

जड पाण्यासाठी ॲसिड स्लरीची पावडर योग्य. एक किलोचं प्रमाण असं:

लाइट सोडा ॲश 550 ग्रॅम
90 टक्के ॲसिड स्लरी 120 ग्रॅम
एसटीपीपी (सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट) 50 ग्रॅम
सोडियम सल्फेट 280 ग्रॅम

स्लरी हे दाट, तपकिरी, जोरकस आम्ल आहे. रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका. मुलांना लांब ठेवा आणि काम गच्चीवर किंवा अंगणात करा. अंगावर उडालीच तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा. भांडं प्लास्टिकचं, ढवळायला लाकडी दांडा. ॲल्युमिनियमची परात सोडाही खातो आणि स्लरीही.

सोडा चाळून प्लास्टिकच्या घमेल्यात पसरा, वर दोन-तीन चमचे पाणी शिंपडा. स्लरी चार भागांत, बारीक धारेनं ओता. प्रत्येक भागानंतर ढवळा आणि मोजे घातलेल्या हातानं गाठी चोळून मोडा. मिश्रण फसफसतं आणि गरम होतं, म्हणजे आम्ल आणि सोड्याची क्रिया चालू आहे. घाई नडते ती इथेच. सगळी स्लरी एकदम ओतली की बाहेरून पांढऱ्या, आतून तपकिरी गोळ्या बनतात. आत आम्ल तसंच राहतं, पुढे ते हात जाळतं आणि सुती धागा कमकुवत करतं. एक गोळी फोडून बघा. आत तपकिरी चिकट ठिपका दिसला तर अजून चोळायचं आहे.

मग मिश्रण दोन बोटं जाडीच्या थरात रात्रभर उघडं ठेवा. सकाळी चाळा, आणि त्यानंतरच एसटीपीपी आणि सल्फेट मिसळा. वास हवा असेल तर तोही आताच. गरम मिश्रणात घातलेलं अत्तर उडून जातं, पैसे वाया. सल्फेटच्या जागी मीठ चालतं, पण ते ओल धरतं.

शेवटी दोन छोटे चमचे पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून पीएच पट्टी (आम्लपणा-क्षारपणा दाखवणारी कागदी पट्टी) बुडवा. 10 ते 11 च्या दरम्यान आलं तर बरोबर. 9 च्या खाली आलं तर सोडा कमी पडला. 50 ग्रॅम सोडा मिसळून, तासाभरानं पुन्हा बघा.

एसटीपीपी का? ते क्षारांना धरून ठेवतं, त्यामुळे स्लरीला मळाकडे जाता येतं. नर्मदेच्या पाण्यात धुणार असाल तर ते निम्मं केलं तरी भागतं. उलट, जड पाण्यात नुसता सोडा वाढवत नेला तर चुन्याची पांढरी भुकटी गडद कपड्यांवर बसते.

व्हिनेगर पावडरीतच मिसळणं

सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की बुडबुडे छान दिसतात, पण दोघांचीही ताकद एकमेकांत खर्च होते. सोडा आणि सायट्रिक ॲसिड एकाच डब्यात भरण्याचंही तेच. व्हिनेगर वापरायचंच असेल तर शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात, वेगळं.

फेसावरून माप ठरवणं

फेस म्हणजे सफाई नव्हे. 15 लिटरच्या बादलीला एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, पुरते. बोरिंगच्या पाण्याला दीडपट. वर लोड करायच्या मशीनला 50 ते 60 ग्रॅम. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये ही पावडर घालू नका, फेस आतच कोंडतो आणि खळबळणं नीट होत नाही. बचतीचा हिशेब किलोमागे न करता धुण्यामागे करा. स्वस्त पावडर दुप्पट घातली तर हाती काहीच उरत नाही.

पातळ डिटर्जंट पाण्यासारखं होणं

एसएलईएसपासून (सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस करणारा दाट घटक) द्रव करणारे हमखास मिठात चुकतात. मीठ थोडं थोडं वाढवलं की द्रव घट्ट होतो, पण एका मर्यादेपुढे तेच मीठ त्याला पुन्हा पातळ करतं आणि घातलेलं मीठ काढता येत नाही. म्हणून मीठ आधी पाण्यात विरघळवा, चमच्याचमच्यानं घाला आणि प्रत्येक वेळी थांबून बघा. एका लिटरला 10 ते 30 ग्रॅमच्या आत काम होतं.

महेश्वरी साडी याच बादलीत

महेश्वरी किंवा चंदेरी साडीत बहुधा रेशीम असतं, आणि रेशीम, लोकर यांसारख्या प्राणिज धाग्यांना सोड्याचा क्षारपणा सोसत नाही. चमक जाते, धागा खरबरीत होतो. त्यांना रिठ्याचं ताजं, गाळलेलं पाणी द्या. ते दोन दिवसांत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच उकळा.

पावसाळ्यात दगड

जुलै-ऑगस्टमध्ये सोडा हवेतली ओल शोषतो आणि पावडरीचे ढेकळे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, ओला चमचा घालू नका, एका वेळी महिन्याभराचीच करा. ढेकळे झालेली पावडर फेकू नका, कोमट पाण्यात विरघळवून वापरा. उरलेली स्लरी मात्र मूळच्या डब्यातच, नाव लिहून, कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ती कधीही भरू नये.