हेंप आणि गांजा : खरिपाच्या नियोजनापूर्वी नाशिकच्या शेतकऱ्यांसाठी सल्ला

उन्हाळ कांदा चाळीत पडला आणि द्राक्षबागांची एप्रिल छाटणी उरकली की खरिपाच्या बियाण्याची चौकशी सुरू होते. याच काळात नव्या पिकांचे प्रस्ताव घेऊन येणारी माणसेही बांधावर दिसू लागतात. औद्योगिक हेंप हा त्यांपैकी एक प्रस्ताव असतो. एकरी लाखोंचे उत्पन्न, खरेदीची हमी आणि ‘हा गांजा नव्हे’ असा दिलासा, या तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत आधी तपासावी, कारण तिथे गफलत झाली तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हेंप आणि गांजा यांची प्रजाती एकच, कॅनाबिस सटायव्हा. फरक आहे तो नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाच्या प्रमाणाचा. अमेरिका आणि कॅनडात हे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत असलेल्या पिकाला हेंप मानले जाते, युरोपीय संघाने आपली ०.२ टक्क्याची मर्यादा २०२३ पासून ०.३ टक्के केली, आणि आपल्याकडे उत्तराखंडानेही हीच मर्यादा धरली आहे. नशेसाठी वाढवलेल्या जातींच्या फुलोऱ्यात मात्र हे प्रमाण अनेक टक्के असते. धाग्यासाठी दाट पेरलेले हेंप उंच, सरळ आणि कमी फांद्यांचे वाढते हे खरे, पण तेच झाड मोकळ्या जागेत लावले तर फुटवे करते. त्यामुळे पान किंवा खोड पाहून निर्णय देता येत नाही. तो प्रयोगशाळेतच होतो. पिकाचे परागीभवन वाऱ्याने होते आणि परागकण कित्येक किलोमीटर जातात, म्हणून शुद्ध बियाणे टिकवणेही सोपे नाही.

भारतीय कायद्याचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या केंद्रीय कायद्यात, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, कॅनाबिस वंशातील कोणतेही झाड ‘कॅनाबिस वनस्पती’ ठरते. टीएचसी किती, हा प्रश्न त्या व्याख्येत येतच नाही. कलम ८ नुसार लागवडीला बंदी आहे आणि कलम २० नुसार विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १४ मध्ये केवळ धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक हेतूने परवानगी देण्याचा अधिकार शासनाला आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये त्या दिशेने पाऊल टाकले. महाराष्ट्रात मात्र सामान्य शेतकऱ्याने अर्ज करून परवाना घ्यावा अशी व्यवस्था उभी राहिलेली नाही. म्हणून ‘कमी टीएचसीचे प्रमाणित बियाणे’ असे छापलेली पिशवी, कंपनीचा करारनामा किंवा दुसऱ्या राज्यातील परवान्याची झेरॉक्स, यांपैकी काहीही निफाड किंवा दिंडोरीच्या शेतात संरक्षण देणार नाही. जमीन खंडाने किंवा वाट्याने दिलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या जमिनीत अशी बेकायदा लागवड असल्याचे कळूनही ती माहिती तात्काळ न देणारा जमीनधारक कलम ४६ नुसार स्वतः दोषी ठरतो.

परवानगी उद्या मिळाली असे धरले तरी पीक येथे कसे येईल, हा प्रश्न उरतो. हेंप हे लहान दिवसाचे पीक आहे, म्हणजे दिवस आखूड झाला की ते फुलोऱ्यावर येते. युरोपातील धाग्याच्या जाती पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांत वाढलेल्या असतात. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साधारण सव्वातेरा तासांचा असतो. अशा जाती येथे लवकर फुलतात, बुटक्या राहतात आणि धागा कमी देतात. शिवाय पाणी साचलेले या पिकाला चालत नाही, त्यामुळे गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात रोपे पिवळी पडण्याची भीती असते. स्थानिक चाचण्यांतून निवडलेली जात हातात येईपर्यंत एकरी उत्पन्नाचे कोणतेही कोष्टक कागदावरचेच समजावे.

आर्थिक क्षमता नाही असे म्हणता येणार नाही. धाग्यापासून कापड, दोर आणि कागद होतो, खोडाच्या आतल्या लाकडी भागापासून बांधकामाचे साहित्य होते, आणि बियांत तेल व प्रथिने भरपूर असतात. परंतु धागा वेगळा करणारा कारखाना शेताजवळ नसेल तर जागा खाणाऱ्या काड्यांचे वाहतूक भाडेच नफा गिळते. बाजाराचा अनुभवही सावध करणारा आहे. अमेरिकेत २०१८ च्या कृषी कायद्याने लागवड खुली झाल्यावर सीबीडी या औषधी अर्काच्या आशेने क्षेत्र इतके वाढले की भाव कोसळले. तेथील कृषी खात्याच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये ८२.४ कोटी डॉलर असलेले पिकाचे मूल्य २०२२ मध्ये २३.८ कोटींवर आले. नाशिकला हे नवे वाटू नये. राज्याच्या २००१ च्या धोरणानंतर येथे वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली, आणि मंदीत वायनरींनी माल उचलण्यास हात आखडता घेतल्यावर अनेकांना त्या बागा काढाव्या लागल्या. ज्या पिकाला खाणारे गिऱ्हाईक गावच्या बाजारात नाही, त्याचा भाव कारखानदारच ठरवतो.

ज्यांना या क्षेत्रात खरोखर उतरायचे आहे, त्यांच्यासाठी सध्या लागवडीपेक्षा प्रक्रियेचा मार्ग अधिक सुरक्षित आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेंपच्या बिया आणि त्यांचे पदार्थ अन्न म्हणून विकण्यास नियमांच्या चौकटीत मान्यता दिली आहे. शेतकरी उत्पादक कंपनीने परवानाधारक स्रोताकडून पक्क्या बिलाने बी घ्यावे, प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळा अहवाल जपावा आणि आधी लहान प्रमाणावर तेल काढून विक्री अजमावावी. पाने आणि फुलोरा यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये.

दुकानात ‘सन हेंप’ असे छापलेली पिशवी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. तो आपला नेहमीचा ताग आहे, त्याचा कॅनाबिसशी काहीही संबंध नाही आणि तो निर्धास्तपणे पेरता येतो. रांगडा कांदा घ्यायचा असलेल्या क्षेत्रात जूनच्या वाफशावर एकरी २० ते २५ किलो ताग पेरावा आणि ४५ ते ५० दिवसांनी, फुलोरा सुरू होताच, तो जमिनीत गाडावा. गाडताना जमिनीत ओल असावी आणि कुजण्यासाठी पुढे किमान दोन-तीन आठवडे मोकळे ठेवावेत. खोड निबर होऊ दिले तर ते लवकर कुजत नाही आणि कांद्याच्या लागवडीच्या वेळी वाफ्यात काड्या तशाच राहतात.