पेट्रोल पंपालगतच्या विहिरीत इंधन उतरल्यास: तपास आणि शुद्धीकरण

पंपालगतच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला की बहुतेक ठिकाणी सर्वप्रथम मोटर लावून विहीर उपसली जाते, आणि सुरुवातीला नेमके हेच टाळले पाहिजे. उपशामुळे आजूबाजूची पाण्याची पातळी खचते, तरंगते इंधन विहिरीच्या दिशेने ओढले जाते आणि आतापर्यंत पाण्याखाली असलेल्या मुरमालाही त्याचा लेप बसतो. दुसरा धोका आगीचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती विहिरीत साचून राहते आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे 1.4 टक्के झाले तरी ठिणगीने पेट घेते. त्यामुळे विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत येथे जीवघेणी ठरेल. विहिरीत कोणालाही उतरू देऊ नये, काठावरील मोटरचा वीजपुरवठा दूरच्या स्विचवरून बंद करावा आणि पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी व अंघोळीसाठी दुसरे पाणी द्यावे. पाणी उकळणे हा उपाय नव्हे. त्यामुळे वाफ घरात पसरते.

पंपचालकाने त्याच दिवशी तेल कंपनीला, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला, जिल्हा प्रशासनाला आणि साठवणुकीचा परवाना देणाऱ्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेला म्हणजेच ‘पेसो’ला लेखी कळवावे. त्यानंतरचा शोध पंपाच्या आवारातूनच सुरू होतो. रात्री विक्री बंद झाल्यावर आणि सकाळी ती सुरू होण्यापूर्वी प्रत्येक टाकीची डिप घ्यावी, म्हणजे खुणा केलेली पट्टी बुडवून इंधनाची पातळी मोजावी. रात्रीतून पातळी उतरली असेल तर टाकीवर संशय घ्यावा, आणि रात्रीची डिप स्थिर असूनही दिवसाच्या हिशेबात सतत तूट येत असेल तर पाइपलाइन तपासावी. टाकीत बुडवलेल्या पंपाने दाबाखाली इंधन पाठवले जात असल्यास छोटी चीरही विक्रीच्या वेळीच गळते, त्यामुळे रात्रीच्या डिपवर विसंबून टाकीला व पाइपला एकदम निर्दोष ठरवू नये. पावसाळ्यात टाकीत पाणी चढत असेल तर ज्या भोकातून ते आत येते, त्यातूनच उन्हाळ्यात इंधन बाहेर जाऊ शकते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात पाणी मिसळले की तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसतो, म्हणून अशा इंधनासाठी बनवलेलीच वॉटर फाइंडिंग पेस्ट, म्हणजे पाणी लागताच रंग बदलणारा लेप, वापरावी. संशयित टाकी रिकामी करून तिची व पाइपांची दाबचाचणी करून घ्यावी. गळती थांबवल्याशिवाय पुढचा सगळा खर्च वाया जातो, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जमिनीखाली बेसाल्ट आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे. वाळूच्या प्रदेशात प्रदूषण बऱ्यापैकी सलग पसरते. बेसाल्टात मात्र पाणी मुरमातून, सच्छिद्र थरांतून आणि कातळातील भेगांतून वाट काढते, त्यामुळे पंपापासून वीस मीटरवरची विहीर स्वच्छ आणि दूरची बाधित असे होऊ शकते. परिसरातील सर्व विहिरी व बोअरवेल नकाशावर मांडून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून स्थानिक थरांची माहिती घ्यावी, मग निरीक्षण बोअर खोदावेत. किमान तीन बोअर त्रिकोणात घेऊन एकाच संदर्भ पातळीवरून पाण्याची उंची मोजली की प्रवाहाची सर्वसाधारण दिशा कळते. एक बोअर प्रवाहाच्या वरच्या बाजूला असलाच पाहिजे. मुरमातला आणि खालच्या भेगांतला बोअर स्वतंत्र ठेवावा, नाहीतर आपण खोदलेल्या भोकातूनच इंधन खाली उतरेल.

नमुन्यांबाबत मी आग्रही आहे, कारण निष्काळजीपणे भरलेली बाटली खोटा दिलासा देते. आधी तेल-पाणी सीमा दाखवणाऱ्या फितीने तरंगत्या इंधनाचा थर मोजावा. मात्र बोअरमधील जाडी जमिनीतील खऱ्या थरापेक्षा पुष्कळ जास्त असू शकते. त्यानंतर बोअरमधील साचलेले पाणी संथपणे काढून 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत नमुना घ्यावा. कुपीत प्रयोगशाळेने दिलेले आम्ल आधीच असते, म्हणून ती विसळू नये. काठोकाठ भरून झाकण लावावे व उलटी करून पाहावी. बुडबुडा दिसला तर दुसरी कुपी भरावी, कारण पेट्रोलमधला विषारी घटक बेंझीन त्या मोकळ्या जागेत उडून जातो. प्लास्टिकची बाटली चालत नाही. कुप्या सुमारे चार अंश सेल्सियसला ठेवाव्यात आणि बेंझीन, टोल्युइन, इथिलबेंझीन, झायलीन व एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन या तपासण्या मागाव्यात. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. भारतीय पेट्रोलात बेंझीन एक टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे एका लिटरात सुमारे 8 ते 9 ग्रॅम. इतके बेंझीन आठ-नऊ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरे आहे. एवढ्या विरळ प्रमाणात बेंझीनचा वास नाकाला येत नाही.

शुद्धीकरणात तरंगते इंधन स्किमरने, म्हणजे पाण्यावरचा थर वेगळा ओढून घेणाऱ्या यंत्राने, हळूहळू काढणे हे पहिले काम होय. टाकीभोवतीची भिजलेली माती खोदून काढल्यास ती व टाकीतील गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत केंद्रात पाठवावा. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. मुरमात अडकलेल्या पेट्रोलसाठी निर्वात पंपाने वाफ ओढण्याची पद्धत चांगली चालते, डिझेल फारसे उडत नसल्याने त्यासाठी ते खाऊन टाकणाऱ्या मातीतल्या जिवाणूंना हवा पुरवणे अधिक योग्य ठरते. भेगाळ कातळात पाण्याखाली हवा सोडण्याचा प्रयोग मात्र जपून करावा. हवा कोणत्या भेगेतून कोणाच्या तळघरात निघेल याचा नेम नसतो. उपसलेले पाणी हवेच्या मनोऱ्यातून (जेथे हवेच्या झोताने इंधनाची वाफ पाण्यातून काढली जाते) व सक्रिय कार्बनमधून नेल्यावरच, मंडळाच्या परवानगीने सोडावे.

पावसाळ्यानंतर पातळी चढली की अडकलेले इंधन पाण्याखाली दडते आणि उन्हाळ्यात पुन्हा बोअरमध्ये दिसू लागते. म्हणूनच ऑक्टोबरचा एक चांगला अहवाल पाहून काम गुंडाळू नये. यंत्रे थांबवल्यावर निदान एक पूर्ण वर्ष मोजमाप चालू ठेवावे आणि मे महिन्यातील तसेच पावसाळ्यानंतरचे, असे दोन्ही आकडे मर्यादेत राहिल्यावरच मंडळाकडे काम बंद करण्याचा प्रस्ताव द्यावा. मंजुरी मिळाल्यावर निरीक्षण बोअर सिमेंट व बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) तळापासून वरपर्यंत भरून टाकावेत, म्हणजे आवारातील सांडपाणी त्यांतून थेट भूजलात उतरणार नाही.