गुडघ्याचा प्रतिक्षेप (आघाताने आपोआप होणारी हालचाल) घरी कसा तपासावा

उंच टेबलाच्या कडेला बसून पाय अधांतरी सैल सोडावेत आणि गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली जी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट पट्टी) बोटांना लागते, तिच्यावर तळहाताच्या कडेने हलका, पण झटकन आघात करावा. मांडीचा स्नायू ताणला जाताच संदेश मज्जारज्जूकडे जातो आणि मेंदूची वाट न पाहता स्नायूला आज्ञा पोचवणाऱ्या प्रेरक चेतापेशीमार्गे परततो. तिच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन स्रवते, ते स्नायूपेशीवरील ग्राहींना (ते रसायन ओळखणाऱ्या रेणूंना) चिकटताच सोडियम आत शिरते आणि स्नायू आकुंचन पावून पाय पुढे उडतो. पाय हलला नाही, तर बहुधा मांडी नकळत ताठ धरलेली असते. अशा वेळी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात ओढावीत आणि आघात दुसऱ्याकडून करवून घ्यावा.